टीव्हीच्या आतलं रान

लोक मला विचारतात, "मावशी, तुम्हाला ही व्हिडिओ गेमची आवड कशी काय लागली?" मी खरं ते सांगते. आवड नव्हती, नोकरी होती. पगार घेऊन खेळणारी मी आमच्या खानदानातली पहिलीच बाई, आणि हे सासरी बरीच वर्षं कुणाला नीट समजावून सांगता आलं नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून टीव्हीच्या कंपनीत आहे." तेही अगदीच खोटं नव्हतं.

तळवड्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बायका टीव्ही गेम जोडायचो. टीव्हीला लावायचा चपटा डबा, वरून खुपसायची कॅसेट आणि वायरीला लटकणारे दोन रिमोट. सुटे भाग खोक्यांतून यायचे, आम्ही ते डाग देऊन जोडायचो आणि पुन्हा खोक्यांत भरायचो. मी सोल्डरिंगला होते. टेस्टिंगला बसणारी मुलगी लग्न होऊन कोल्हापूरकडे गेली आणि सुपरवायझर म्हणाले, "शैलाबाई, उद्यापासून तुम्ही खेळायचं." चित्र हलत नाही ना, सगळी बटणं नीट दाबली जातात ना, हे बघायला थोडासा गेम खेळावाच लागतो. बटणं तपासली की डबा पुढे सरकवायचा असा नियम होता. माझा डबा लवकर पुढे सरकायचा नाही. सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले की मी म्हणायचे, "आवाज जरा खरखरतोय का ते बघतेय." आवाज ठणठणीत असायचा. माझे फक्त शेवटचे दोन रणगाडे मारायचे राहिलेले असायचे.

त्या गेमांची खरी नावं आमच्यात कुणालाच माहीत नव्हती. कॅसेटवरचं इंग्रजी कोण वाचत बसणार? बदकांचा, विटांचा, गाडीचा, रणगाड्यांचा, दोन बंदूकवाल्यांचा, अशी आमची आपली नावं. बदकांचा मला कधीच आवडला नाही. बदकं बिचारी झाडीतून उडतात आणि आपण त्यांना मारायचं, आणि नेम चुकला की वर एक कुत्रा आपल्याला हसतो. विटांचा चांगला, पण तो खेळून झाल्यावर डोळे मिटले तरी विटा पडत राहायच्या. बंदूकवाल्यांच्या गेममध्ये आयुष्याला सगळे 'जान' म्हणायचे. आपल्या जाना संपल्या की जोडीदाराची एक जान बटण दाबून त्याला न विचारता घेता यायची. नव्या गेमांत अशी उसनवारी राहिली नाही, जो तो आपापल्या जानेवर. मला ती जुनी पद्धत जास्त माणसातली वाटते, भांडणं कितीही होवोत.

पण माझा खरा लाडका रणगाड्यांचा. त्यात खेळण्याआधी आपलं मैदान आपण मांडू शकायचो. इथे भिंत, इथे पाणी, इथे झाडी. जेवणाच्या सुट्टीत मी मैदान मांडत बसायचे आणि खेळायचे नाहीच. दुपारचा पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकतोय आणि मी पडद्यावर ओढा काढतेय, ओढ्याच्या पलीकडे झाडी, झाडीत कुणाला दिसणार नाही अशी एक मोकळी जागा. तिथे एकही रणगाडा येऊ नये असं वाटायचं. डबा बंद केला की सगळं पुसलं जायचं, कारण त्या डब्यांना काही लक्षात ठेवायची सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओढा काढायचे. मैत्रिणी म्हणायच्या, "शैला, तुला गेम खेळायचाय की नांदायचंय तिथे?" मला खरंच तिथे नांदायचं होतं.

पुढे ते शेड बंद पडलं. जोडणं येत होतं म्हणजे उकलणंही येत होतं, म्हणून मी पिंपरीच्या बाजारात, कपड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, एक छोटा गाळा घेतला आणि दुरुस्ती सुरू केली. आज तिथे जुने डबेही येतात आणि नवे भारीतले गेमचे मशीनही येतात. दुरुस्त झाल्यावर तपासायला खेळावं लागतं, हा माझा जुना नियम मी स्वतःच्या दुकानातही सोडलेला नाही. आता मागे येऊन उभं राहणारं कुणी नाही, एवढाच काय तो फरक.

नवे गेम मला आवडत नाहीत असं कुणी समजू नये. त्यांची एकच खोड मला सहन होत नाही, ते माणसाला गप्प बसू देत नाहीत. इकडे जा, ते उचल, हे जिंकलास, ते हरलास, वर बाण दाखवतात तो वेगळाच. अरे, मला जरा वाट चुकून हरवू दे की! पण ते मोठमोठ्या मुलखांचे गेम निघालेत, डोंगर, नद्या, बर्फ, गवताळ माळ, ते मात्र मला फार आवडतात. गेमच्या गोष्टीत कुठलं तरी राज्य वाचवायचं असतं. मी एक घोडा घेते आणि राज्याला वाट बघू देते. तळ्याकाठी घोडा उभा करायचा आणि संध्याकाळ होताना बघायची. त्या संध्याकाळी कुणीतरी माणसाने बसून रंगवलेल्या आहेत. त्या माणसाने आपल्यासाठी एवढं केलंय, तर निदान बघायला तरी थांबावं असं मला मनापासून वाटतं.

असंच माझ्यासारखं एक गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. बीडकडचे कंटेनर चालवणारे सानप. चाकणहून गाड्यांचे सुटे भाग भरून नेतात. त्यांनी गेमसाठी स्टीअरिंग विकत घेतलंय, आणि खेळतात कुठला, तर ट्रक चालवायचा. माल भरा, रस्त्याला लागा, माल उतरवा. मी एकदा म्हटलं, "अहो सानप, आयुष्यभर तेच करताय, मग सुट्टीत पुन्हा तेच?" ते गंभीरपणे म्हणाले, "मावशी, त्याच्यात चाकणचा चौक न्हाई." त्या चौकात ज्याने एकदा गाडी अडकवलीय त्याला यातलं सगळं सुख कळेल. ते म्हणतात की रस्त्याकडेला पाइनची झाडं सरकत राहतात, कुणी हॉर्न मारत नाही, आणि त्यांना बसल्याजागी गुंगी येते. स्टीअरिंगचा पट्टा झिजला की ते घाबऱ्या घाबऱ्या येतात.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं त्यावर आहे. हल्लीच्या रिमोटला वर दोन छोट्या काठ्या असतात. डावी काठी पुढे ढकलली की पडद्यावरचा माणूस चालतो, सोडली की थांबतो. वापरून वापरून काठीच्या आतला भाग झिजतो किंवा त्यात धूळ जाते, आणि मग हात लावला नाही तरी माणूस हळूहळू चालायला लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. आमच्या औद्योगिक पट्ट्यात हा आजार जास्त. कंपनीतून सुटलेली माणसं हात धुतात, पण बोटांच्या रेषांतलं तेल आणि लोखंडाची पूड कुठे जाते? गिऱ्हाईक म्हणतं, "मावशी, ह्याला भूत लागलंय." मी रिमोट घेते आणि स्टुलावर ठेवते. मोकळ्या मुलखाचा एखादा गेम लावते आणि हात बांधून बघत बसते. काठी किती झिजलीय ते त्यावरून कळतं, असं मी गिऱ्हाइकाला सांगते. ते खरंच आहे. पण मला बघायला आवडतं हेही खरं. कुणीही चालवत नसताना तो माणूस गवतातून निघतो, जरा डावीकडे वळत, घाई नाही, काम नाही, आणि जातो आपला. कुठे जायचं ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. त्याला बघता बघता माझा चहा पुष्कळदा निवलेला आहे.

चाकणजवळच्या निघोज्याचे आबा माझ्याकडे पहिल्यांदा आले ते असाच एक चहा निवत असताना. पांढरा सदरा, धोतर, पायात करकरीत वहाणा, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. बसने आले होते. टॉवेल सोडला तर आत गेमचं मशीन आणि त्याचा रिमोट. मी म्हटलं, "नातवाचं का आबा?"

"न्हाई. माजं हाय."

मी बरीच गिऱ्हाइकं पाहिलीत, पण धोतर नेसून "माजं हाय" म्हणणारं हे पहिलंच. काय झालंय विचारलं तर म्हणाले, "चालू व्हईना. हितं अलीकडं येका दुकानात दाखिवलं. त्यो पोरगा म्हनला, फार्मॅट मारावा लागंल, नव्यावानी हुईल. मी म्हनलं, आतलं ऱ्हाईल का? तर न्हाई म्हनला. मंग उचललं आन तुमच्याकडं आलो. त्यात आमचं रान हाय, ताई."

मला वाटलं, सातबाराची कागदपत्रं कुणीतरी त्यात ठेवली असावीत. तसं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. आबांचं रान चाकणच्या एमआयडीसीत गेलं. विहीर, खळं, रानात जायची पाणंद, सगळ्यासकट. पैसे मिळाले, खोल्या बांधल्या, भाडी येतात, त्याबद्दल तक्रार नाही. त्यांचा मुलगा विकास तेव्हा लहान, त्याला रान धड आठवतही नव्हतं. पुढे तो मोठा झाला, नोकरीला लागायच्या खटपटीत होता, आणि लॉकडाऊन लागला. सगळ्या कंपन्या बंद. घरात हे मशीन होतं, आणि त्यात तो चौकोनी ठोकळे रचून हवं ते बांधायचा गेम होता. विकास असंच काहीतरी बांधत बसला होता. आबा मागे कॉटवर बसून बघत होते. न राहवून म्हणाले, "विहीर अशी न्हाई बांधत." विकास म्हणाला, "मग कशी बांधतात?"

तिथून सुरुवात झाली. आबा सांगायचे आणि विकास बांधायचा. पाणंद कुठून वळते, बांध कुठे उंच, कुठे पाणी साचतं. पोराने बापाचं सगळं रान ठोकळा ठोकळा करून उभं केलं. आबा म्हणाले, "तसलं दिवस पुन्यांदा न्हाई आलं. आमी दोगं येवडं कदी बोललोच नव्हतो."

मग कंपन्या उघडल्या. विकासला नोकरी लागली, कायमची. लागली ती नेमकी त्यांच्याच रानावर उभ्या असलेल्या कंपनीत. त्याने घरात विचारलं नाही, पेढेच घेऊन आला. आबांनी पेढ्याला हात लावला नाही. "ज्या रानाचं आमी मालक, तितं माज्या पोरानं गेटावर झडती दिऊन आत शिरायचं? मजूर म्हनून?" विकास म्हणाला, मला मशीनवरचं काम आवडतं, आणि मालकी कधीच गेलीय. त्या दिवसापासून बाप वेगळा जेवतो, मुलगा वेगळा. एका घरात राहून निरोप सुनेकरवी. मशीन कपाटाखाली पडून राहिलं. परवा आबांनीच ते बाहेर काढून वायर लावली, पण चालू होईना.

"येकदा ग्येलंय त्ये," आबा म्हणाले. "आता मला दुसऱ्यांदा न्हाई घालवायचं."

मी मशीन उघडलं. आत पाल मरून पडली होती, वीज शिरते तिथेच. बिचारी उबेला गेली असणार. तिच्यामुळे आतला वीजपुरवठ्याचा डबा जळला होता. तो बदलला. तरी मशीन मुकंच. मग खरी काळजी सुरू झाली. लोकांना वाटतं की आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनमध्ये घातली की काम झालं. या मशीनचं तसं नाही. डिस्कचं आणि मशीनच्या मुख्य बोर्डचं कंपनीतच लग्न लावून दिलेलं असतं. दुसऱ्या बोर्डाशी ती बोलतच नाही. म्हणजे हाच बोर्ड जिवंत करायचा, नाहीतर रान गेलं. भिंग लावून बघत बसले तेव्हा तांदळाच्या कणीएवढा एक भाग भाजलेला दिसला. भंगारातल्या एका बोर्डवरून तसाच काढला. त्याला डाग देण्याआधी मी सोल्डरिंगचं टोक दोनदा पुसलं. एवढी वर्षं मी रिमोट आणि डबे दुरुस्त केले, पण कुणाचं रान माझ्या डागावर टांगलेलं कधी नव्हतं.

मशीन सुरू झालं. पंखा फिरला, दिवा लागला. आबांनी हात जोडले. आणि मग पडद्यावर चार आकडे मागणारी पाटी आली. पिन. विकासने घातलेला.

"आबा, दाराला कुलूप आहे. किल्ली विकासकडे."

आबा उठले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, परत आले आणि भिंतीकडे बघत मला नंबर सांगितला. मी फोन लावला. पलीकडून कंपनीतल्या मशीनची धडधड ऐकू येत होती. मी कोण, काय, ते सांगितलं. विकास म्हणाला, "ते मशीन घेऊन आबा एकटे आलेत? बसने?" मी हो म्हटलं. त्याने आकडे सांगितले. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मावशी, त्यांना चहा पाजा. आणि मी विचारलं म्हणून सांगू नका."

मी आकडे घातले आणि रान उघडलं. खरं सांगायचं तर मी काहीतरी ओबडधोबड असेल असं धरून चालले होते. ठोकळेच ते, चौकोनी झाडं, चौकोनी ढग. पण सकाळ होती त्यात. बांधावर कोवळं ऊन, मध्ये विहीर, पाणंद वळत वर गेलेली, आणि कुठेही शेड नाही, धुराडं नाही, कंटेनर नाही. मी तळवड्याला दुपारभर ज्याच्या मागे असायचे तसलं काहीतरी कुणीतरी खरोखर बांधून ठेवलेलं होतं. मी आबांकडे बघितलं नाही, त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

आबांना चालवता येत नव्हतं. आजवर चालवायचा विकास, ते सांगायचे. रिमोट त्यांच्या हातात दिला तर त्यांनी तो कासऱ्यासारखा धरला. डावीकडे वळायचं तर अख्खे डावीकडे झुकायचे, आणि माणूस अडला की तोंडाने बैलाला करतात तसं च्यक् च्यक् करायचे. काठीला ड्रिफ्टही होतं. आबांनी हात काढला तरी त्यांचा माणूस चालायचा थांबेना.

"ह्याला दुरुस्त करते आबा, माणूस आपोआप चालतोय."

"चालू द्या की. त्याला वाट ठावी दिसतीया," आबा म्हणाले.

माणूस खरंच आपला आपण पाणंदीने निघाला आणि विहिरीच्या काठावर जाऊन थडकला. तिथे मात्र मी झडप घालून त्याला मागे घेतलं. रानात आल्या आल्या आबांना विहिरीत पाडायची माझी तयारी नव्हती. संध्याकाळी मी ती काठी बदलून टाकली.

मग आबा येत राहिले. मशीन घरी न्या म्हटलं की म्हणायचे, "शिकू द्या आदी." दुपारच्या बसने यायचे, स्टुलावर बसायचे, आणि त्यांच्या त्या मुलखात फिरायचे. मी माझं डाग द्यायचं काम करायचे. मधूनच ते सांगायचे, इथे करडई व्हायची, इथे सशाचं बीळ होतं. त्यांचा आवाज दुपारी झोपेत ऐकू येतो तसा कुठून तरी लांबून यायचा, आणि मलाही गल्लीतला गलका ऐकू येईनासा व्हायचा. एकदा मी बघते तर आबांनी वहाणा काढून स्टुलाखाली सारलेल्या. मी म्हटलं, "पाय दुखतायत का?" ते ओशाळले. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खळ्यात आलोया न्हवं." खळ्यात पायताण घालून जात नाहीत, धान्याची जागा ती. गेममधल्या माणसाचे बूट काढता येत नव्हते, म्हणून आबांनी आपल्या वहाणा काढल्या होत्या. आजवर मी पुष्कळ खेळणारे पाहिले, पण असं खेळणारा माणूस पाहिला नव्हता.

अशाच एका दुपारी विकास आला. पहिली शिफ्ट संपवून थेट आलेला, अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी बोलावलं नव्हतं. दारात उभा राहून त्याने बापाला बघितलं, अनवाणी, पडद्याकडे वाकलेला. मग पडद्याकडे बघितलं, आणि खाली बसून आपल्या जाड सेफ्टी बुटांच्या नाड्या सोडायला लागला. त्या सोडायला वेळ लागतो. मी घाईघाईने दुसरा रिमोट जोडून त्याच्या हातात दिला. आता पडदा अर्धा आबांचा, अर्धा त्याचा, आणि एकाच रानात दोन माणसं उभी.

आबांनी मान वळवली नाही. पण त्यांनी बघितलं होतं. थोड्या वेळाने पडद्यालाच म्हणाले, "मागनं ये. वाफं तुडवू नगं, मदनं वाट हाय."

विकास मागून निघाला. आबा पुढे, विकास मागे, बांधाबांधाने. दोघांच्या रिमोटच्या टिकटिकीशिवाय दुकानात आवाज नव्हता. मी हातातलं काम धरून नुसतीच उभी होते. विहीर झाली, खळं झालं. मग आबा मोकळ्या पट्टीत थांबले आणि म्हणाले, "तुजं मशीन कुटंशी हाय?"

विकासने बापाकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत त्यांनी त्याला कामाचं काहीही विचारलेलं नव्हतं. त्याने नुसती काठी ढकलली. त्याचा माणूस पाणंदीच्या तोंडाशी गेला. "गेट इथं येतं," विकास म्हणाला. "इथून आतला रस्ता. हे स्टोअर. इथून आमचं शेड चालू." बोलत बोलत तो त्या कोवळ्या उन्हातून चालत होता, नसलेल्या भिंतींना वळसे घालत. मोकळ्या पट्टीत, आबांपासून जरा पलीकडे, तो थांबला. "इथं. प्लास्टिकचं मोल्डिंग आहे. लई उकडतं आबा, मशीनच्या तोंडाशी उभं राहावं लागतं."

आबा आपला माणूस त्याच्याजवळ घेऊन गेले. विहीर कुठे राहिली, बांध कुठे, असं सगळीकडे वळून बघितलं. मला वाटलं, काठी पुन्हा बिघडली की काय. मग म्हणाले, "हितं आंबा व्हता."

"कुठला आंबा? तुम्ही कधी बोललाच नाहीत."

"बोललो न्हाई. मोजनीच्या टायमाला मीच तोडला. त्येंच्या जेशिबीनं पाडायच्या परीस म्हनलं, आपल्या हातानं." आबांनी हनुवटीने पडद्यावरची जागा दाखवली. "लाव."

विकास लावायला लागला. खोडाचे ठोकळे एकावर एक, मग फांद्या, मग पानं. आबा सांगत होते, आजून वर, आजून रुंद, ही फांदी पार बांधापातूर. विकासचा हात भराभर चालत होता, आणि मधूनच तो शर्टाच्या बाहीला डोळे पुसत होता. झाड झालं तशी खालची जमीन काळसर झाली. त्या गेममध्ये सावली खरी पडते. विकासचा माणूस त्या सावलीत उभा होता.

"रोज हितंच हुबा असतुस?" आबांनी विचारलं.

"इथंच."

"आट तास?"

"ओव्हरटाइम असला की जास्त."

आबांनी काठी हळूच ढकलली आणि आपला माणूसही आंब्याखाली आणून त्याच्या शेजारी उभा केला.

"मंग भाकर बी हितंच खात जा," ते म्हणाले. "मी बी हितंच खायचो."